राफ्टिंगला जाताय? आधी एक संध्याकाळ तयारीला द्या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी उरकली की आपल्या भागात सहलींचे बेत सुरू होतात. पूर्वी गोकर्ण-मुर्डेश्वर किंवा पन्हाळा-जोतिबा ठरलेलं असायचं. आता खानापूर घ्या, बेळगाव घ्या, हल्याळ घ्या, युवक मंडळांचीच काय, भिशीच्या बायकांचीही पहिली पसंती काळी नदीवरच्या गणेशगुडीच्या राफ्टिंगला, म्हणजे रबरी होडीतून वाहत्या पाण्यात वल्हवायला असते. मला याचा मनापासून आनंद आहे. मी तीस वर्षांहून जास्त काळ खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत शारीरिक शिक्षण शिकवलं. बायका-मुली घराबाहेर पडाव्यात, अंग मोकळं करावं, पाण्याची भीती घालवावी यासाठी आयुष्यभर धडपडले. त्यामुळे 'कशाला जाता नदीत' असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. जा, जरूर जा. पण ज्या तयारीने लोक निघतात ती पाहून पोटात गोळा येतो, म्हणून हे पत्र.

सहलीच्या तयारीची बैठक आमच्याकडे कशी होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. क्रूझर गाडी कुणाची, माणशी किती पडतील, पुऱ्या कोण करणार, शेंगदाण्याची चटणी कोण आणणार, सगळ्यांचे टी-शर्ट कुठल्या रंगाचे. दोन-दोन तास चर्चा चालते. नदीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. 'तिथं गाईड असतोय की, तो सांगेल सगळं' एवढ्यावर विषय संपतो. गाईड सांगतो हे खरं. पण तो सांगतो काठावर, पंधरा-वीस मिनिटांत, शेजारी पाण्याचा आवाज चालू असताना आणि निम्मी माणसं फोटोत गुंतलेली असताना. त्या वेळी कानावर पडलेलं पाण्यात पडल्यावर आठवेल, हा भरवसा मला नाही.

काळी नदीशी माझं नातं सहलीपुरतं नाही. माझं आजोळ सुप्याचं. ज्या सुपा गावावरून धरणाला नाव पडलं ते गाव त्याच धरणाच्या पाण्याखाली गेलं. ते तालुक्याचं ठिकाण होतं. पुढे तालुक्याचा कारभार जोयड्याला हलला आणि आमची मामाकडची माणसं रामनगरच्या वसाहतीत आली. आजीला मरेपर्यंत नदीकाठची वहिवाट आठवायची. पाणी कुठल्या महिन्यात कुठल्या दगडापर्यंत येतं हे तिला तोंडपाठ होतं. आजच्या नदीला ते हिशेब लागू पडत नाहीत, आणि राफ्टिंगला जाणाऱ्याने सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट हीच आहे.

गणेशगुडीला आपली राफ्ट ज्या पाण्यावर चालते ते सुपा धरणाच्या पायथ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी असतं. धरणाची भिंत १०१ मीटर उंच, १९८७ साली पूर्ण झालेली. पायथ्याशी वीजनिर्मितीचे ५० मेगावॅटचे दोन संच. संच चालू झाले की खाली नदी भरून वाहते, बंद झाले की पात्रातले खडक उघडे पडतात. संच कधी चालवायचे ते विजेच्या गरजेवर ठरतं, आपल्या क्रूझरच्या वेळेवर नाही. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग सकाळीच उरकतात त्याचं कारणही हेच: भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून पाणी सकाळी सुटतं. तेव्हा फोनवर बुकिंग करताना पहिला प्रश्न 'डिस्काउंट किती' हा नको. 'त्या दिवशी पाणी किती वाजता सुटतं, आणि सुटलं नाही तर आमच्या पैशांचं काय' हा पाहिजे. पाण्याची वेळ पुढे सरकली म्हणून संध्याकाळी उशिरा, उजेड जाताना नदीत उतरायचा आग्रह कुणी धरू नये. आयोजकांनी नाही आणि पैसे दिलेत म्हणून आपणही नाही. संध्याकाळी पाण्यात पडलेलं माणूस शोधायचं कसं?

याच कारणाने आणखी एक. राफ्टिंग आटोपल्यावर पोरं पात्रातल्या मोठ्या खडकांवर जाऊन बसतात, डबे उघडतात. पाणी घोट्याएवढं असतं तेव्हा गेलेली असतात. वर संच सुरू झाला तर ते घोट्याएवढं पाणी मांडीला लागायला फार वेळ लागत नाही, आणि तुम्ही मधे अडकता. पाणी सोडायचा भोंगा झाला की कसलाही विचार न करता काठ गाठायचा, डबा तिथेच सोडून. आणि राफ्ट जिथून सुटते नि जिथे थांबते त्या टप्प्याबाहेर, मन झालं म्हणून दांडेलीकडच्या संथ पाण्यात उडी मारू नये. तिथं मगरी आहेत. पाणी शांत दिसतं, म्हणून फसगत होते.

पावसाळ्यात आपल्याकडचे काही लोक चोर्ला घाटातून गोव्यात उतरून म्हादईवर जातात, सत्तरीत उस्ते गावाकडून राफ्ट सुटते. ती नदी वेगळी आहे. ती पावसावर चालते. म्हादई उगम पावते आपल्या खानापूर तालुक्यात, देगावच्या बाजूला, भीमगडच्या जंगलात. म्हणजे उस्त्याला ऊन पडलेलं असेल आणि इकडे वर डोंगरात धो-धो कोसळत असेल, तर ते पाणी थोड्या वेळाने तुमच्यापर्यंत येणारच आहे. आपल्या भागातल्या माणसाला निदान ही एक गोष्ट सांगावी लागू नये. निघताना घाटमाथ्यावरच्या कणकुंबीत कुणी ओळखीचं असेल तर त्याला फोन करा, पाऊस कसा आहे विचारा. पाणी अचानक गढूळ झालं, त्यातून पालापाचोळा नि काटक्या वाहून यायला लागल्या, तर वर पाऊस झाला आहे असं समजा. गाईड 'आज नको' म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. पैसे बुडाले तरी चालतील. 'नको' म्हणणारा गाईड भेटला तर पुढच्या वर्षीही त्याच्याकडेच जावं, असं माझं मत आहे.

आता पोहण्याबद्दल. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडची माणसं इथेच जास्त गाफील असतात. आमच्या पिढीतले बहुतेक जण विहिरीत पोहायला शिकले. पाठीला पत्र्याचा डबा किंवा सुका भोपळा बांधायचा आणि काठावरून ढकलून द्यायचं. त्यातून आलेला आत्मविश्वास मोठा असतो आणि मला त्याचा अभिमानही आहे. असोग्याच्या डोहात सूर मारणारी मुलं मी पाहिली आहेत. पण विहिरीचं पाणी तुम्हाला कुठे नेत नाही. वाहतं पाणी नेतं, आणि एकसारखं ढकलत राहतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन असतं. गुडघ्याएवढ्या पाण्यात धडधाकट माणूस आडवा होतो तो अशक्त असतो म्हणून नव्हे.

म्हणूनच वाहत्या पाण्यात पडल्यावर पहिला नियम: उभं राहायचं नाही. आपल्या अंगात मुरलेली सवय याच्या उलट असते. पाय टेकतात असं वाटलं की माणूस उभा राहायला बघतो. काळीच्या पात्रात खाली गोटे आहेत, कपारी आहेत. पाऊल दोन दगडांत अडकलं आणि मागून पाण्याचा लोंढा आला की माणूस पुढे आडवा पडतो, पाय सुटत नाही आणि डोकं वर काढता येत नाही. कमरेएवढ्या पाण्यातही माणसं अशी गेली आहेत. पडलात तर पाठीवर या, पाय वाहत्या दिशेला, बोटं पाण्याबाहेर दिसतील इतके वर, गुडघे थोडे वाकलेले. समोर दगड आला तर तो डोक्याला लागायच्या आत पायांनी ढकलता येतो. हात बाजूला पसरून वल्ह्यासारखे वापरा आणि गाईड सांगेल त्या काठाकडे सरका. पाणी अगदी संथ आणि उथळ होईपर्यंत उभं राहू नका. मात्र पुढे पाण्यात झाड पडलेलं, फांद्यांचा पसारा अडकलेला दिसला तर तिथे पाठीवर निवांत तरंगत जायचं नाही. पालथं होऊन जीव तोडून बाजूला पोहायचं, कारण पाणी फांद्यांतून निघून जातं आणि माणूस अडकतो.

राफ्टिंगसाठी पोहता आलंच पाहिजे असं नाही. चांगलं लाइफ जॅकेट माणसाला तरंगत ठेवतं. पण तोंडावर पाणी आलं की जीव घाबरा होणाऱ्या माणसाने आधी थोडी सवय करावी. बेळगावात गोवावेसच्या जलतरण तलावासारखी जागा आहे. माहीतगार माणूस बरोबर घेऊन कमरेएवढ्या पाण्यात पाठीवर तरंगायचं, नाकातोंडात थोडं पाणी गेलं तरी श्वास आवरायचा, एवढा सराव केला तरी पुष्कळ फरक पडतो. आमच्या शाळेतल्या ज्या मुलींनी हे केलं, त्या राफ्टमधून पडल्यावर ओरडल्या नाहीत. तोंड मिटून पाठीवर आल्या. ओरडायला तोंड उघडलं की पाणी आत जातं.

लाइफ जॅकेटबद्दल मी कुणाचंही ऐकून घेत नाही. मागे एका सहलीत आमच्यासमोर जॅकेटांचा ढीग टाकला गेला. ओली, कुबट वास मारणारी. आमच्यातल्या एका वहिनींच्या वाट्याला जे आलं त्याचा खालचा चाप तुटलेला होता आणि त्या जागी सुतळीची गाठ मारलेली होती. वरचे दोन पट्टे लावून त्या निघाल्याही होत्या. मी त्यांना थांबवलं, दोन्ही खांद्यांचे पट्टे धरून जॅकेट वर ओढलं, तर ते सरळ कानांपर्यंत आलं आणि हनुवटी आत गेली. पाण्यात नेमकं हेच होतं: जॅकेट वर तरंगतं आणि माणूस त्यातून खाली सरकतो. मी दुसरं मागितलं. 'काय होत नाही मॅडम, रोज इतकी माणसं जातात' असं उत्तर मिळालं. आमच्यातलेच काही जण कुरकुरले, उशीर होतो म्हणून. मी म्हटलं, 'दुसरं येईपर्यंत आमची राफ्ट हलणार नाही.' शेवटी गोदामातून नवं आणलं. म्हणजे ते होतं! मागितलं नसतं तर मिळालं नसतं.

तेव्हा प्रत्येकाने जोडीदाराचं जॅकेट तपासायचं. सगळे चाप लावायचे, पट्टे खालून वर या क्रमाने आवळायचे, मग खांद्याला धरून वर ओढून पाहायचं. नाकाशी आलं तर ते तुमचं नव्हे. श्वास घेता येतो पण हलत नाही, इतकं घट्ट हवं. उकडतं म्हणून मधल्या संथ टप्प्यात पट्टे सैल करू नयेत. हेल्मेट कपाळावर आलेलं हवं, मागे सरकवलेलं नको, फोटोत कपाळावरचे केस दिसावेत म्हणून तर मुळीच नको. कारवारजवळ कूर्मगडाच्या नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी होडी २०१९ च्या जानेवारीत उलटली आणि सोळा माणसं गेली. ती राफ्ट नव्हती, तो समुद्र होता. पण होडीत मावतील त्यापेक्षा जास्त माणसं भरणं आणि जॅकेट अंगात नसणं, या गोष्टी नदीतही तेच करतात. राफ्टमध्ये साधारण सहा ते आठ जण आणि वर गाईड. 'आणखी दोघं बसतील की' असं कुणी म्हणालं तर आपण उतरावं. आपलाच ग्रुप एकत्र राहावा म्हणून हट्टाने दहा-बारा जण एका राफ्टमध्ये कोंबू नका.

कपड्यांचं थोडक्यात. साडी नको, जीन्स नको, ओढणी अजिबात नको. सुती कपडा पाणी पितो, जड होतो आणि वाळत नाही. धरणाच्या पोटातून आलेलं पाणी गार असतं, डिसेंबरात तर हुडहुडी भरते. पायजमा-लेगिंग आणि अंगाबरोबरचा टी-शर्ट, तोही लवकर वाळणारा. पायात मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट. रबरी चपला पाण्यात पहिल्या फटक्याला जातात आणि अनवाणी पाय गोट्यांवर कापतो. चष्म्याला मागून दोरी. अंगठ्या, बांगड्या, लोंबते कानातले घरी. मंगळसूत्राचा प्रश्न दरवेळी निघतो. काढायचं नसेल तर माझा आग्रह नाही, पण लांब असेल तर ते जॅकेटच्या चापात, दोरात अडकतं. त्या दिवसापुरतं आखूड, गळ्यालगतचं घाला आणि टी-शर्टच्या आत ठेवा. सासूबाईंना मी स्वतः समजावायला गेले आहे. एकीनेही नाही म्हटलं नाही.

यापुढचं मात्र आधीच्या संध्याकाळीच करून घ्यावं असं आहे, आणि ते मी अनेक गटांकडून करून घेतलं आहे. शाळेचा वर्ग किंवा देवळाचा सभामंडप पुरतो. बाक समोरासमोर न ठेवता एकामागे एक, दोन रांगांत लावायचे; ही झाली राफ्ट. लेझमीच्या नाहीतर कवायतीच्या काठ्या घ्यायच्या; ही वल्ही. एकाने मागे उभं राहून हुकूम द्यायचे: फॉरवर्ड, बॅकवर्ड, स्टॉप, होल्ड, गेट डाउन. पहिल्या दहा मिनिटांत काठ्या एकमेकांच्या डोक्यात लागतात, सगळे हसतात. अर्ध्या तासाने एका तालात येतात. पुढच्या दोघांनी ताल धरायचा आणि मागच्यांनी त्यांच्याकडे बघून मारायचं, हे लेझीम खेळलेल्या माणसाला पटकन जमतं. 'गेट डाउन' म्हटलं की बाकावरून खाली बसायचं, काठी आडवी धरायची, दुसऱ्या हाताने राफ्टच्या कडेचा दोर धरायचा.

यात एक बारकावा आहे. खऱ्या वल्ह्याच्या वरच्या टोकाला टी-आकाराची मूठ असते. वरच्या हाताने ती मूठ सतत झाकलेली ठेवायची, क्षणभरही सोडायची नाही. राफ्ट दगडावर आपटली की मोकळी सुटलेली मूठ शेजारच्याच्या तोंडावर बसते, दात पडतात, भुवई फुटते. राफ्टिंगमधल्या किरकोळ दुखापतींत हा प्रकार नेहमीचा. मी काठीच्या टोकाला लाल चिंधी बांधते आणि चिंधी दिसली की त्या मुलीला उभं करते. दुसऱ्या दिवशी नदीवर एकीची मूठ सुटत नाही.

या सरावाचं आणखी एक कारण आहे. गणेशगुडीला जोयड्याकडचे कोकणी-मराठी बोलणारे गाईड भेटतात, कन्नड बोलणारे भेटतात, उत्तराखंड-नेपाळकडून आलेले हिंदी बोलणारेही भेटतात. बहुतेक सगळे मन लावून सांगतात. पण आमच्या गटातल्या वयस्कर बायका समजलं नाही तरी मान डोलावतात, कारण चारचौघांत विचारायला संकोच वाटतो. आदल्या दिवशी बाकांवर तेच हुकूम ऐकलेले असले की काठावर गाईडच्या तोंडचा शब्द ओळखीचा वाटतो. आणि तरीही काही कळलं नाही तर हात वर करून 'दादा, परत सांगा' म्हणायचं. पाण्यात शिरल्यावर विचारायला सवड मिळत नाही.

त्याच संध्याकाळी दोरही हाताळून घ्यावा. पाण्यात पडलेल्या माणसाकडे गाईड दोराची पिशवी फेकतो. पिशवी पकडायला जायचं नाही, दोर पकडायचा. छातीशी धरायचा, खांद्यावरून मागे घ्यायचा आणि पाठ दोर ओढणाऱ्याकडे करायची, म्हणजे तोंडावर पाणी येत नाही. मनगटाला दोर गुंडाळायचा नाही, काहीही झालं तरी. आणि पडलेल्याला राफ्टमध्ये ओढताना हात किंवा केस धरून ओढू नका. जॅकेटचे दोन्ही खांदे धरायचे, गुडघे राफ्टच्या कडेला टेकायचे आणि स्वतः मागे पडायचं. भारदस्त माणूसही असा आत येतो. राफ्ट उलटली आणि तुम्ही तिच्याखाली सापडलात तर घाबरू नका, खाली थोडी हवा असते. वर हात टेकवून एकाच दिशेला हात-हात सरकत गेलं की कडेला बाहेर येता. बाहेर आल्यावर राफ्टच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला राहायचं. राफ्ट आणि खडक यांच्यामध्ये कधीही सापडू नये.

तब्येतीचं लपवू नका. हे मी हात जोडून सांगते. रक्तदाब, दमा, फिट येणं, हृदयाचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण. 'सांगितलं तर बसू देणार नाहीत' म्हणून बायका सांगत नाहीत आणि पुरुष तर त्याहून सांगत नाहीत. हृदयाचा त्रास, फिट, गरोदरपण असेल तर काठावर बसा, डबे सांभाळा, फोटो काढा. त्यात कमीपणा नाही. दम्याचा पंप असेल तर तो गाईडच्या पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गेला पाहिजे, क्रूझरमध्ये नव्हे. मधुमेहवाल्यांनी उपाशी जाऊ नये. बाकीच्यांनीही दोन तास आधी हलकं खावं. भरपेट जेवून लगेच वल्हं मारलं की मळमळतं. लहान मुलांना बऱ्याच ठिकाणी १४ वर्षांखाली घेत नाहीत, तेव्हा 'पंधरावं चालू आहे' असं खोटं सांगून पोराला बसवू नका. जॅकेट मोठ्यांच्या मापाचं असतं, पोर त्यातून निसटतं. आणि दारू. सकाळी घेतलेली नाही, रात्री घेतली होती, हेही चालणार नाही. पिऊन आलेला एक माणूस आठ जणांची राफ्ट उलटी करू शकतो. आयोजकाने त्याला खाली उतरवलं तर मंडळाच्या अध्यक्षांनी आयोजकाच्या बाजूने उभं राहावं.

अलीकडे मुलांमध्ये पॅडलबोर्डचीही हौस वाढली आहे. गोव्यात, मालवणकडे फळीवर उभं राहून वल्हवतात ते. शिकायला चांगलं आहे, तोल सुधारतो. सुरुवात संथ पाण्यात, आधी गुडघ्यांवर, मग उभं. नजर पायांकडे न ठेवता समोर ठेवायची. पडायचं झालं तर आडवं, फळीपासून लांब, कधीही डोक्यावर नाही. पण एक गोष्ट पालकांनी जरूर विचारावी. फळी पायाला बांधायची जी दोरी असते ती तळ्यात, खाडीत ठीक आहे. वाहत्या नदीत ती घोट्याला बांधणं धोक्याचं, कारण दोरी फांदीत किंवा दगडात अडकली की माणूस धारेत खेचला जातो आणि वाकून घोट्यापर्यंत हात पोचत नाही. वाहत्या पाण्यासाठी कमरेला बांधायचा, एका झटक्यात सुटणारा पट्टा मिळतो. शिकवणाऱ्याला हा फरक माहीत नसेल तर त्याच्याबरोबर मुलाला नदीत पाठवू नये.

हे सगळं गाईड बरोबर असतानाचं. गाईडच नसलेल्या जागी काय होतं ते आपण पाहिलं आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात किटवाडच्या धबधब्यावर बेळगावच्या चार मुली बुडाल्या. त्या बातमीनंतर कित्येक दिवस मला जेवण गेलं नाही. अशा वयाच्या किती मुली माझ्या हाताखालून गेल्या! मुलांना पाण्यापासून लांब ठेवून हे थांबणार नाही, ती जाणारच. त्यांना माहीतगार माणसाबरोबर आणि तयारीने पाण्यात न्यावं लागेल.

म्हणून माझी मागणी दोघांकडे आहे. प्रशासनाने राफ्ट जिथून सुटते तिथे ठळक फलक लावावा, कन्नडमध्ये तर हवाच, पण मराठी, कोकणी आणि हिंदीतही: आज पाणी किती वाजता सुटणार, एका राफ्टमध्ये किती माणसं, भोंगा वाजला की काय करायचं, तुटक्या जॅकेटची तक्रार कुठे करायची. बरोबर दुसरी राफ्ट किंवा बचावाची कयाक (लहान, चिंचोळी होडी) असल्याशिवाय एकटी राफ्ट सोडू नये, हेही त्यावर लिहावं. आणि आपल्या वृत्तपत्राला विनंती, सहलींच्या दिवसांत शनिवारच्या अंकात एक छोटी चौकट द्यावी. गणेशगुडीला पाण्याची काय परिस्थिती आहे, म्हादईच्या वरच्या भागात पाऊस कसा आहे, एवढं दिलंत तरी गल्लीगल्लीत ते वाचलं जाईल.

खानापूर-बेळगाव भागातल्या कुठल्याही मंडळाने, शाळेने, भिशीच्या गटाने निघण्याआधी बोलावलं तर मी येईन. मानधन नको. संध्याकाळी सहाची वेळ ठेवा, आठ-दहा बाक नि तेवढ्याच काठ्या जमवा, आणि जे जाणार आहेत ते सगळे हजर असतील एवढं पाहा. जॅकेट तपासून दाखवायला एक मी घेऊन येईन.

कळावे,

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका, खानापूर